अकरा हजार फॉलोअर्स, सतरा गिऱ्हाइकं

मालवणजवळच्या आचऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लांबलचक होतं, कामापुरतं देते:

‘मी ३४ वर्षांची. सासरी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायचा धंदा. इन्स्टाग्रामवर मालवणी जेवणाचे रील टाकते, ११,४०० फॉलोअर्स आहेत. तिसऱ्या (शिंपल्या) साफ करायचा रील तीन लाखांवर गेला, तेव्हा वाटलं की आता काहीतरी विकावं. रात्री रात्री बसून कॅनव्हा ॲपवर “६० मालवणी पाककृती” असं पीडीएफ पुस्तक केलं आणि जूनमध्ये काढलं. किंमत २९९. चार महिन्यांत १७ प्रती गेल्या, त्यातल्या ९ नातेवाइकांनी घेतल्या. वर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तक फुकट फिरताना दिसलं, तेव्हा रडू आलं. आता एक जण रोज मेसेज करतो: १४,९९९ चा कोर्स घ्या, डिजिटल प्रॉडक्ट विकायला शिकवतो, शिवाय तोच कोर्स पुढे विकायचे हक्क देतो. घेऊ का? की तेवढे पैसे जाहिरातीत घालू? सासूबाई म्हणतात, “मोबाईलातल्या कागदाक पैशे कोण देतलो?”’

ताई,

कोर्स घेऊ नका. बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल, पण तो माणूस ह्याच आठवड्यात ‘ऑफर आज रात्री बारापर्यंत’ म्हणेल, म्हणून हे आधी सांगून टाकते. तो कोर्स मुख्यतः शिकवतो काय, तर हाच कोर्स दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारायचा. तुम्ही १४,९९९ भरायचे, ते वसूल करायला तुमच्यासारखीच एक ताई गाठायची, तिने पुढची गाठायची. माल कुठेच नाही, नुसती पावती फिरतेय. त्याला एकच विचारा: ‘हा कोर्स सोडून तुम्ही दुसरं काय विकता?’ उत्तरात बहुतेक बँक खात्याचा फोटो येईल. पैसे नुसते एकाकडून दुसऱ्याकडे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. हा गृहस्थ त्यात बसतो की काठावरून निसटतो, ते वकील बघेल. रापणीच्या घरातली बाई जाळं घेतानासुद्धा आस, म्हणजे जाळ्याचं भोक केवढं ते बघून घेते, मग इथेच डोळे मिटून पैसे कशाला?

आता सासूबाई. त्यांना उडवून लावू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. आचऱ्यात कोणी पैसे देणार नाही. तिथली बाई बांगड्याचं तिखलं पीडीएफ उघडून करत नाही. तुमचं गिऱ्हाईक बसलंय डोंबिवलीत, विरारला, पुण्यात कोथरूडला. आजोळ इकडचं, मे महिन्यात आठ दिवस येते, मासे खायला शिकली पण घ्यायला शिकायची राहिली. खरं वाटत नसेल तर अकाउंट ‘प्रोफेशनल’ करून घ्या. फुकट होतं. मग इनसाइट्समध्ये तुमचे फॉलोअर्स कुठल्या शहरातले, किती वयाचे, ते दिसतं. ती शहरं कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. यापुढे बोलायचं ते तिकडच्या माणसाशी.

आणि एक गंमत बघा. मासे आणि मालवणी मसाल्याचं पुस्तक काढलंत कधी? जूनमध्ये! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. समुद्र खवळलेला, बाजारात बर्फातला माल, तोही महाग. बंदी उठते न उठते तोवर श्रावण. मग चतुर्थी. मग पितृपक्ष, मग नवरात्र. तुमचे चार महिने म्हणजे मराठी घरात मासे वर्षात सगळ्यात कमी शिजतात ते चार महिने. घरात पंचांग भिंतीवर, धंदा समुद्राचा, आणि ही गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही, कारण मोबाईलवर सगळे दिवस सारखेच दिसतात. तेव्हा १७ या आकड्यावरून पुस्तक वाईट असं ठरवू नका. पण पुस्तक चांगलं असंही ठरवू नका.

तर मुद्दा पुस्तकाचा.

तुम्ही अकाउंटचं नाव दिलं होतंत, म्हणून मी दोन संध्याकाळी तुमच्या कमेंट वाचत बसले. (कुडाळला दोन्ही दिवस लाईट गेली होती, दुसरं करायला काही नव्हतं.) ‘मस्त’, ‘तोंडाला पाणी सुटलं’, हृदयं आणि हात जोडलेले, हे सगळं बाजूला काढलं. उरल्या त्या प्रश्न विचारणाऱ्या कमेंट. त्यांत पाककृती विचारणारे मोजके. कारण उघड आहे, पाककृती तुम्ही रीलमध्ये फुकट दिलेलीच असते, आणि यूट्यूबवर तर ढीग पडलाय. मग लोक विचारतात काय? एकीने लिहिलंय: ‘तिसऱ्या घेताना मेलेल्या कशा ओळखायच्या?’ दुसरी: ‘सुरमय ताजी आसा की नाय ता कसा ओळखूचा?’ तिसरी: ‘आजी सरंगो म्हणायची तो इथे काय नावाने मिळतो?’ एक जण, बहुतेक नवीन लग्न झालेला: ‘कोळणीला काय सांगायचं, ती माझ्याकडे बघून हसते.’

हे वाचून मी खुर्चीतून उठले. ताई, तुमचं विकायचं पुस्तक ते आहे.

मुंबईच्या बाजारात हलवा म्हणतात तो आपला सरंगा. नगली म्हणजे मुडदुशे. कोळंबी म्हणजे सुंगटां, सुरमई म्हणजे इसवण. ही एवढी यादीसुद्धा डोंबिवलीच्या सुनेला कोणी नीट लावून दिलेली नाही. तुम्हाला ती लहानपणापासून पाठ आहे, म्हणून तिची किंमत तुमच्या लेखी शून्य. पाककृतींवर तुम्ही रात्री जागवल्यात, आणि जे रात्र न जागवता येतं ते फुकट कमेंटमध्ये उत्तर देऊन टाकलंत.

माझं स्वतःचंही असंच झालं होतं, म्हणून एवढं ठासून सांगते. मी मोबाईलवर पाठवायच्या पत्रिका करते. लग्न, बारसं, सत्यनारायण. पहिल्या वर्षी हौसेने ४० डिझाइनं करून ठेवली, सोनेरी वेलबुट्टी, मोर, तुतारी, सगळं. एकही गेलं नाही. तीन बायकांनी वेगवेगळ्या वेळी एकच विचारलं होतं: ‘मालवणीत लिवलेली पत्रिका असा काय?’ मी तिघींना ‘नाही हो’ म्हटलं आणि पुन्हा मोर काढायला बसले. चौथीने विचारलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. साधी पांढरी पत्रिका, वर ‘येवा, कोकण आपलोच आसा’ आणि खाली मजकूर मालवणीत. आजही माझा निम्मा धंदा त्या एका पत्रिकेवर चालतो. मोर पडून आहेत.

तर आता असं करा. नवीन काही बनवायला बसू नका. आधी तुमच्या कमेंट आणि मेसेज चाळा, मागचे सहा महिने तरी. प्रत्येक प्रश्न वहीत लिहा, तोच पुन्हा आला की पुढे रेघ. ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त रेघा, ते पुस्तकाचं पहिलं पान. मग स्टोरीत सरळ विचारा: ‘मुंबई-पुण्यात मासे कसे निवडायचे याची छोटी पुस्तिका करतेय. कोणाला हवी?’ जे ‘मला’ म्हणतील त्यांना वैयक्तिक मेसेज करा आणि आगाऊ नोंदणी घ्या, थोड्या कमी किमतीत. दहा जणांनीही पैसे दिले नाहीत तर पुस्तिका करू नका, तेवढ्या जागरणाच्या रात्री वाचल्या. दिले तर तारीख सांगा आणि त्या तारखेला द्या.

पुस्तिका ६० पानांची नको. एका माशाला एक पान, बारा-पंधरा मासे पुरे. बांगड्याचं पान डोळ्यासमोर आणा. वर तुम्हीच काढलेला फोटो, आचऱ्याच्या किनाऱ्यावरचा. खाली दोन नावं, आपलं आणि मुंबईचं. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला गढूळ नको. कल्ला उघडून बघा, लाल हवा. बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. पोट फुटलेला घेऊ नका. कुठल्या महिन्यात चांगला, कुठल्यात नुसते काटे. आणि शेवटी कोळणीला म्हणायचं एक वाक्य, जसंच्या तसं. त्या नवऱ्याला तेच हवंय. तिसऱ्यांच्या पानावर: उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली नाही तर ती मेलेली. बस. लिहायला तुम्हाला चार दुपारी लागतील.

एक लक्षात ठेवा, हे पान लोक उघडणार बाजारात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मोबाईल धरून, वरून पाणी ठिबकत असताना. तुमचं पहिलं पुस्तक मी बघितलं, आडव्या पानाचं आहे आणि अक्षर मुंगीएवढं. फोनवर बोटांनी मोठं करून करून वाचावं लागतं. पान उभं ठेवा, अक्षर ठळक, एका पडद्यावर एक मासा मावला पाहिजे. आणि जमलं तर प्रत्येक पानाबरोबर सासूबाईंच्या आवाजात वीस सेकंदांची चित्रफीत जोडा, मासा हातात धरून. त्या बाईचा ठसका मी तुमच्या गटारीच्या रीलमध्ये ऐकलाय, पैसे वसूल आहेत.

किंमत १४९ ठेवा. २९९ महाग नाही, पण पाककृतींच्या पुस्तकाची तुलना माणूस फुकटाशी करतो. ह्या पुस्तिकेची तुलना तो शिळ्या निघालेल्या पापलेटाशी करेल, आणि २०२३ पासून राज्य मासा म्हणून मिरवणाऱ्या पापलेटाचा भाव तुम्हाला मी सांगायला नको. एकदा फसलं तरी १४९ हून जास्त जातात. हे वाक्य तुम्ही रीलमध्ये बिनधास्त वापरा.

रीलबद्दल थोडं. तीन लाख लोकांनी बघितलं म्हणून तीन लाख गिऱ्हाइकं दारात उभी, असं वाटणं साहजिक आहे. आंगणेवाडीच्या जत्रेला गेलात ना? देवीच्या रांगेत ओटी हातात धरून उभी असलेली बाई खाजं (जत्रेतली गुळाची मिठाई) घेत नाही. तिचं लक्ष पुढे. दर्शन झालं, पाय मोकळे झाले, घरच्यांसाठी काय न्यायचं हे मनात आलं, की मग ती खाज्यासमोर थांबते. म्हणून खाजेवाला परतीच्या वाटेवर बसतो. रील ही रांग आहे. तिथे विकायला गेलात की लोक पुढे सरकतात. विकायचं ते प्रश्न विचारून थांबलेल्याला.

म्हणजे प्रत्यक्षात काय? रीलमध्ये एकच मासा, एकच खूण दाखवा, खरी आणि पूर्ण. शेवटी म्हणा, ‘बाकीच्या माशांचं हवं असेल तर कमेंटमध्ये मासे लिहा.’ जो लिहील त्याला त्याच दिवशी मेसेज. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये किंवा कमेंटमध्ये टाकलेल्या लिंकवर बोट दाबून काही उघडत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसावं, कारण सगळीकडे तुम्ही ती तिथेच टाकली आहे. लिंक बायोमध्ये, म्हणजे प्रोफाईलवरच्या ओळखीत ठेवा आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा. स्टोरी चोवीस तासांत जाते, तेव्हा ती हायलाइटमध्ये ठेवून त्याला ‘मासे पुस्तिका’ नाव द्या.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, वेगळ्या नंबरवर. तिथे ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, ‘किंमत किती’ हे दिवसात चाळीस वेळा टाइप करावं लागत नाही. एकदम अनेकांना मेसेज पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीचं एक गुपित असं की ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पुस्तिका पाठवतानाच लिहा: ‘नंबर सेव्ह करा, दर महिन्याला कुठला मासा चांगला ते कळवेन.’ आणि खरंच कळवा. हा महिन्याचा एक मेसेज तुमच्या सगळ्या रीलपेक्षा जास्त विकेल, कारण तो बाजारात जायच्या आदल्या रात्री वाचला जातो.

पैसे घ्यायचं म्हणाल तर पहिली पन्नास गिऱ्हाइकं क्यूआर कोडवर घ्या आणि फाईल हाताने पाठवा. कष्ट आहेत, पण प्रत्येकाशी दोन शब्द होतात आणि पुढच्या पुस्तिकेचे विषय तिथेच मिळतात. त्यानंतर पैसे आले की फाईल आपोआप पाठवणारं पेमेंट पान लावा, काही कंपन्या ते देतात आणि थोडी टक्केवारी कापतात. आचऱ्याची रेंज गेली तरी विक्री चालू राहते, हा त्याचा खरा फायदा. एक सावधगिरी: ‘पैसे पाठवले’ म्हणून आलेल्या स्क्रीनशॉटवर फाईल देऊ नका. मी दिली होती. ३५० रुपयांची पत्रिका, स्क्रीनशॉट हुबेहूब, खात्यात दमडी नाही. आधी बँकेचा मेसेज किंवा ॲपमधली जमा बघायची, मग पाठवायचं. आणि पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो चोर. चुकून फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला फोन.

आता तुमचं रडू. पुस्तक फिरलं याचं मलाही वाईट वाटलं. शब्द आणि फोटो तुमचे असतील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ते काढल्या क्षणापासून तुमचेच आहेत, कुठे नोंद करायची सक्ती नाही. (सोलकढीवर मात्र कोणाचाच हक्क नाही, पाककृती ही कल्पना म्हणून कोणाच्या मालकीची होत नाही.) ग्रुपच्या ॲडमिनला सभ्य शब्दांत मेसेज करा, बरेच जण काढून टाकतात. इन्स्टाग्रामवर कोणी चढवलं तर तिथे कॉपीराइटची तक्रार करायची सोय आहे. पुढच्या वेळी प्रत्येक प्रतीच्या तळाला घेणाऱ्याचं नाव आणि नंबरचे शेवटचे चार आकडे घाला. आपल्या नावाची प्रत ग्रुपवर टाकताना माणूस दोनदा विचार करतो. आणि प्रत्येक पानावर तुमच्या अकाउंटचं नाव ठेवा, म्हणजे फिरली तरी तुमच्या दाराकडे वाट दाखवत फिरेल. यापलीकडे जीव जाळू नका. फुकट वाचणारे ते तुमचं गिऱ्हाईक कधी नव्हतेच. महिन्याचा मेसेज मात्र त्यांना मिळत नाही, आणि तो हवा असेल तर १४९ द्यावे लागतात.

जाहिरात आत्ता नको. ज्या रीलमधून न ढकलता दहा-वीस प्रती गेल्या, त्याच रीलवर नंतर थोडे पैसे लावा, दिवसाला शंभर-दोनशे, फक्त मुंबई, ठाणे, पुणे निवडून, चार-पाच दिवस. किती रुपये गेले आणि किती प्रती गेल्या हे वहीत लिहा. एका प्रतीमागे १४९ पेक्षा जास्त जात असतील तर बंद करा, ‘लोकांपर्यंत पोचतंय’ म्हणून चालू ठेवू नका. पोचणं आणि विकणं यातला फरक तुम्हाला तीन लाखांनी शिकवलाच आहे.

कराची भीती कोणीतरी घातलेली दिसते, पत्राच्या टोकाला एक ओळ होती. अशा विक्रीला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही. त्या जवळ पोचलात तर सीएकडे जा आणि मला पेढे पाठवा. उत्पन्न मात्र आयकरात दाखवायचं, म्हणून वही आजपासून. आणि उद्या कोणी म्हणालं की मसालाही पाठवा, तर तो खाद्यपदार्थ झाला, त्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी लागते. पीडीएफला लागत नाही.

६० पाककृतींचं पुस्तक फेकू नका. ते फोडा. त्यातल्या सुक्या मासळीच्या पाककृती बाजूला काढून मे महिन्याच्या शेवटी वेगळी छोटी पुस्तिका करा: बंदीतलं जेवण. सुकट, सोडे, सुके बांगडे, खारवलेलं. चाकरमानी गावाहून परतताना पिशवीत सुकी मासळी भरून नेतात आणि मग तिचं करायचं काय, हे विचारायला फोन करतात. तुमच्याही बहिणी करत असतील. श्रावणात गप्प बसा, किंवा काळ्या वाटाण्याची उसळ दाखवा.

त्या ८ परक्या गिऱ्हाइकांना आजच मेसेज करा. पुस्तकातलं काय करून बघितलं, काय उघडलंच नाही, विचारा. नवी पुस्तिका त्यांना फुकट द्या, तो मान त्यांचा. ९ नातेवाइकांना देऊ नका, त्यांनी विकत घ्यावी.

मलाही फुकट पाठवू नका, लिंक पाठवा. आणि मुडदुशांचं पान आधी करा. गेली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी मऊ पडलेलेच घरी आणतेय, आणि आमची कोळीण माझ्याकडे बघूनसुद्धा हसते.